पत्ता नसलेले घर : दूरस्थ कन्सोल-खेळ आणि घरगुती राऊटरचा इतिहास
(विशेष संदर्भ : शिरपूर जैन, ता. मालेगाव, जि. वाशीम)

प्रस्तावना

भारतातील इंटरनेटच्या प्रसाराविषयी लिहिताना सर्वसाधारणपणे बाहेरून घरात काय आले याचा हिशेब मांडला जातो. पत्रे आली, वृत्तपत्रे आली, बँक आली, चित्रपट आले. घरातून बाहेर काय जाऊ शकते, आणि घराबाहेर असलेल्या माणसाला स्वतःच्याच घरातील यंत्रापर्यंत पोहोचता येते किंवा नाही, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. दूरस्थ कन्सोल-खेळ हा विषय वरवर पाहता करमणुकीचा असला तरी तो नेमका हाच प्रश्न विचारतो, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे उचित ठरते.

दूरस्थ कन्सोल-खेळ म्हणजे काय हे प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स यांसारखे खेळाचे यंत्र घरी दूरचित्रवाणी संचाला जोडलेले असते. खेळणारा मात्र दुसऱ्या गावी, लॅपटॉप किंवा मोबाइल घेऊन बसलेला असतो. खेळ चालतो तो घरच्या यंत्रावरच. त्याचे चित्र व ध्वनी इंटरनेटवरून खेळणाऱ्याकडे जातात आणि त्याने दाबलेल्या कळांचे संकेत उलट दिशेने घरी येतात. याचा अर्थ असा की, येथे घर हे पाहणारे नसून दाखवणारे असते. त्यासाठी बाहेरून येणारी हाक घराने ऐकली पाहिजे, आणि ती ऐकण्याची व्यवस्था घरातील राऊटरमध्ये करावी लागते.

शिरपूर जैन हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या प्राचीन स्थानामुळे देशभरातील जैन समाजाला परिचित आहे. विदर्भातील इतर अनेक गावांप्रमाणे येथील तरुणही शिक्षण व नोकरीसाठी वाशीम, अकोला, पुणे अशा ठिकाणी जातात. घर मागे राहते आणि घरातील वस्तूही मागे राहतात. प्रस्तुत लेखात या गावाचे सर्वेक्षण केलेले नाही. महानगरापासून दूर असलेल्या आणि इंटरनेट उशिरा पोहोचलेल्या घराचे उदाहरण म्हणून ते समोर ठेवले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) घरगुती राऊटरमधील प्रमुख नोंदी कोणत्या कालखंडात व कोणत्या कारणाने निर्माण झाल्या याचा शोध घेणे.
२) दूरस्थ कन्सोल-खेळासाठी राऊटर सिद्ध करताना येणाऱ्या अडचणींची ऐतिहासिक कारणे तपासणे.
३) या अडचणी ग्रामीण भागात अधिक तीव्र का होतात याची मीमांसा करणे.

गृहीतक असे की, या अडचणींचे मूळ खेळणाऱ्याच्या अज्ञानात किंवा यंत्राच्या दोषात नाही. इंटरनेटवरील पत्त्यांच्या टंचाईत आणि घराला केवळ ग्राहक मानणाऱ्या धोरणात ते आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून इंटरनेटची प्रसिद्ध मानके, केंद्र शासनाची दूरसंचार धोरणे आणि उपकरणांचा ज्ञात इतिहास यांचा आधार घेतला आहे.

दूरध्वनी : हाक ऐकणारे घर

राऊटरचा विचार करण्यापूर्वी दूरध्वनीचे स्मरण उपयुक्त ठरते. १९६० मध्ये लखनौ व कानपूर या शहरांदरम्यान देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने लहान गावांसाठी १२८ जोडण्यांचे स्वयंचलित दूरध्वनी केंद्र विकसित केले आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे त्यापैकी पहिले केंद्र बसवण्यात आले. धूळ, उष्णता आणि वातानुकूलनाचा अभाव गृहीत धरून तयार झालेल्या या केंद्रांमुळे ग्रामीण भागात दूरध्वनी पोहोचला.

दूरध्वनी मिळण्यास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, परंतु एकदा तो मिळाला की त्या घराला स्वतःचा क्रमांक मिळे. त्या क्रमांकावर देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून हाक मारता येई. वीज गेली तरी केंद्रातील बॅटरीवर तो चालू राही. बोलावणे आणि बोलावले जाणे या दोन्ही गोष्टींत गावातील घर आणि मुंबईतील कार्यालय समान होते.

ज्यांच्या घरी दूरध्वनी नव्हता त्यांनी याच काळात एक वेगळी सोय शोधली. विवाहपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर किंवा भेटपत्रावर क्रमांक छापून त्यापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे लिहिली जात. क्रमांक शेजाऱ्याचा असे. फोन आला की शेजारी निरोप देई किंवा मुलाला धाडून बोलावून घेई. ही व्यवस्था शेजाऱ्याला आपण ठाऊक आहोत यावर अवलंबून होती. अनोळखी नावासाठी फोन आला तर ‘येथे असे कोणी राहत नाही’ असे उत्तर मिळणे स्वाभाविक होते. पुढील विवेचनात पी. पी. क्रमांकाचा हा दाखला वारंवार उपयोगी पडणार आहे, कारण आजचे बहुतेक घरगुती राऊटर त्याच रीतीने काम करतात.

पत्त्यांची टंचाई आणि नॅटचा उदय

सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकानुसार इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला ३२ बिटांचा पत्ता देण्याचे ठरले. असे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होऊ शकतात. संशोधन संस्थांपुरत्या मर्यादित असलेल्या त्या काळच्या जाळ्याला ही संख्या अमर्याद वाटणे साहजिक होते. त्यामुळे वाटपही सढळ हाताने झाले. अमेरिकेतील एमआयटी ही शिक्षणसंस्था, फोर्ड ही मोटार कंपनी आणि ॲपल यांना प्रत्येकी १,६७,७७,२१६ पत्त्यांचा गट मिळाला. जो आधी आला त्याला भरपूर मिळाले आणि जो नंतर आला त्याला उरलेल्यात भागवावे लागले, हे या वाटपाचे सूत्र राहिले.

या जाळ्याची मूळ कल्पना समानतेची होती. प्रत्येक यंत्राने दुसऱ्या कोणत्याही यंत्राशी थेट बोलावे आणि मधल्या जाळ्याने फक्त निरोप पोहोचवावा, बुद्धी टोकांवरच्या यंत्रांत असावी, हा विचार सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला होता.

पत्ते अपुरे पडणार हे लक्षात आल्यावर मे १९९४ मध्ये ‘नॅट’ या नावाने ओळखली जाणारी पत्ता-रूपांतराची पद्धत पुढे आली. तिच्या कर्त्यांनी ती अल्पकालीन उपाय म्हणूनच मांडली होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापराचे पत्ते निश्चित झाले. १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे जे पत्ते आज जवळजवळ प्रत्येक घरातील राऊटरवर दिसतात ते याच मानकातील आहेत. हे पत्ते घरापुरते खरे असतात. बाहेरच्या जगात त्यांना अर्थ नसतो. शिरपूर जैन येथील घरातील कन्सोलचा आणि टोकियोतील घरातील कन्सोलचा अंतर्गत पत्ता एकच असू शकतो.

महाविद्यालयाच्या कार्यालयात बसवलेली अंतर्गत दूरध्वनी व्यवस्था ज्यांनी वापरली आहे त्यांना हे सहज समजेल. विभागातून शून्य दाबून बाहेर फोन लावता येतो. बाहेरून मात्र केवळ कार्यालयाचा क्रमांक लागतो, आणि तो फोन पुढे कोणत्या विभागाकडे द्यायचा हे कार्यालयातील व्यक्तीला माहीत असावे लागते. राऊटर हीच भूमिका पार पाडतो. आतून एखाद्या यंत्राने बाहेर विचारणा केली तर तिची नोंद राऊटर ठेवतो आणि येणारे उत्तर त्या यंत्राकडे पोहोचवतो. परंतु आधी विचारणा झालेली नसताना बाहेरून कोणी आले तर ते कोणाकडे न्यावे हे त्याला ठाऊक नसते, आणि तो तो निरोप सोडून देतो. पाहणाऱ्या घराला याची झळ बसत नाही, कारण पाहणाऱ्याची विचारणा नेहमी आतून बाहेर जाते. दाखवू पाहणाऱ्या घराची वाट मात्र येथेच अडते.

महाराष्ट्रातील घर आणि इंटरनेट

भारतात शैक्षणिक जाळ्याची सुरुवात १९८६ मध्ये एर्नेट प्रकल्पाने झाली आणि त्यात मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेचा वाटा मोठा होता. सर्वसामान्यांसाठी मात्र १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सुरू केली. ती दूरध्वनीच्या तारेवरून चालत असे. जोडणी लागली की संगणकाला तेवढ्या वेळेपुरता एक पत्ता मिळे आणि जोडणी तुटली की तो जाई.

१९९८ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. नोव्हेंबरमध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली. आणि डिसेंबरमध्ये आयपीव्ही६ या १२८ बिटांच्या नव्या पत्तापद्धतीचे मानक प्रसिद्ध झाले. टंचाईवरचा कायमचा उपाय जिल्ह्याच्या जन्मवर्षीच कागदावर आला होता. तो घरापर्यंत पोहोचण्यास पुढे दोन दशके लागली.

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र शासनाने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची डेटावन सेवा सुरू झाली. तांब्याच्या जुन्याच तारेवर एडीएसएल तंत्राने चालणारा मोडेम घरात आला. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत वापर मोफत असल्याने अनेक घरांतील संगणक पहाटेपर्यंत चालू राहू लागले. २००५ मध्येच कमी शक्तीच्या बिनतारी उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झ पट्टा परवानामुक्त झाला आणि वाय-फाय राऊटर घरात बसवण्यातील अडसर दूर झाला.

या काळातील मोडेम दोन प्रकारे चालवता येत. ब्रिज पद्धतीत मोडेम केवळ तार जोडून देई व सार्वजनिक पत्ता थेट संगणकाला मिळे. दुसऱ्या पद्धतीत मोडेम स्वतःच लॉगिन करी, पत्ता आपल्याकडे ठेवी आणि घरातील यंत्रांसाठी नॅटचे काम करी. पत्ता अधूनमधून बदलत असला तरी तो सार्वजनिक होता, म्हणजे पी. पी. क्रमांकातील शेजारी घरातच राहत होता. त्याला सूचना देणे घरमालकाच्या हाती होते.

कन्सोलचे आगमन व त्याच्या मागण्या

मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये आणि सोनीचे प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये भारतात विक्रीस आले. प्लेस्टेशन ३ मधील खेळ व चित्रफिती सोनीच्याच हातात मावणाऱ्या पीएसपी या यंत्रावर दुरून पाहण्याची मर्यादित सोय तेव्हापासूनच होती. प्लेस्टेशन ४ बरोबर ही सोय बहुतेक सर्व खेळांना लागू झाली. एप्रिल २०१६ मध्ये ती विंडोज व मॅक संगणकांवर आणि २०१९ मध्ये सोनीखेरीज इतर कंपन्यांच्या मोबाइल संचांवरही उपलब्ध झाली. मायक्रोसॉफ्टने याच सुमारास एक्सबॉक्ससाठी तशीच व्यवस्था उभी केली.

सायबर कॅफेच्या काळात एकाच खोलीतील संगणकांवर काउंटर-स्ट्राइक खेळताना पत्त्याची अडचण येत नसे, कारण सर्व यंत्रे एकाच अंतर्गत जाळ्यात असत. खेळ घराबाहेर गेला तेव्हा अडचण समोर आली. कन्सोल-निर्मात्यांनी तिला नावेही दिली. प्लेस्टेशनवर नॅटचे एक, दोन व तीन असे प्रकार दिसतात. एक्सबॉक्सवर खुले, मध्यम व कडक असे वर्ग दिसतात. ‘तीन’ किंवा ‘कडक’ असा शेरा आला की खेळणाऱ्याला आपल्या यंत्रात बिघाड असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो शेरा घराच्या पत्त्यावर असतो.

या अडचणीवर तीन उपाय काळाच्या ओघात पुढे आले. पहिला पोर्ट फॉरवर्डिंगचा. विशिष्ट क्रमांकाच्या दारावर कोणी आले तर त्याला कन्सोलकडे पाठवावे अशी कायमची सूचना राऊटरला देणे हे त्याचे स्वरूप. शेजाऱ्याला आधीच ‘अमुक नावाने फोन आला तर आम्हाला बोलवा’ असे सांगून ठेवण्यासारखे ते आहे. दुसरा उपाय यूपीएनपी या १९९९ नंतर विकसित झालेल्या पद्धतीचा. तीत कन्सोल स्वतःच राऊटरला ही सूचना देते. तिसरा उपाय मध्यस्थाचा. दोन्ही टोके प्रथम एका तिसऱ्या यंत्राला विचारणा करतात, ते दोघांना एकमेकांचे बाहेरचे पत्ते कळवते आणि मग दोघेही एकाच वेळी एकमेकांकडे निरोप धाडतात. दोन्ही राऊटर आपल्याच विचारणेचे उत्तर आले असे समजून दार उघडतात. मार्च २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले स्टन हे मानक बाहेरचा पत्ता ओळखण्याच्या याच कामासाठी होते.

फायबर गावात आले, पत्ते संपले

इंटरनेटच्या जागतिक पत्तासंस्थेकडील मोकळे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. आशिया-प्रशांत विभागाचे वाटप करणाऱ्या ॲपनिक या संस्थेने १५ एप्रिल २०११ रोजी आपल्या शेवटच्या गटाला हात घातला आणि त्यानंतर प्रत्येक सदस्याला त्या गटातून कमाल १,०२४ पत्ते देण्याचा नियम लागू झाला. त्यानंतर सहा महिन्यांनी, २५ ऑक्टोबर २०११ रोजी, देशातील सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या राष्ट्रीय योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पुढे २०१५ मध्ये हीच योजना भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली.

या दोन तारखा एकत्र वाचल्या म्हणजे ग्रामीण इंटरनेटच्या इतिहासातील एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. तार गावाकडे निघाली तेव्हा पत्त्यांची पेटी रिकामी झाली होती. एक कोटीहून अधिक पत्ते एका मोटार कंपनीला मिळाले होते, तर २०११ नंतर उभ्या राहिलेल्या एखाद्या सेवा पुरवठादाराला आपले सर्व ग्राहक हजारभर पत्त्यांत बसवावे लागत होते.

यातून सेवा पुरवठादाराच्या पातळीवरील नॅट रूढ झाला. एप्रिल २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ या अंकांनी सुरू होणारा ४१,९४,३०४ पत्त्यांचा स्वतंत्र गट राखून ठेवण्यात आला. या व्यवस्थेत घरातील राऊटरलाही सार्वजनिक पत्ता मिळत नाही. अनेक घरे मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरतात आणि त्याची किल्ली कंपनीच्या केंद्रात असते. पूर्वीचा शेजारी घरात होता; आता तो कोणत्या तरी दूरच्या शहरात आहे, त्याच्याकडे शेकडो घरांचे निरोप येतात आणि त्याला सूचना देण्याचा अधिकार घरमालकाला नाही. अशा स्थितीत घरच्या राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची नोंद कितीही अचूक केली तरी ती निष्फळ ठरते, कारण निरोप त्या राऊटरपर्यंत येतच नाही. मध्यस्थाचा उपाय काही वेळा साधतो. दोन्ही टोकांचे नॅट कडक असतील तर तोही फसतो, किंवा संपूर्ण खेळ तिसऱ्या यंत्रामार्फत वळवावा लागून विलंब वाढतो.

ज्या गावाचा पत्ता देशभरातील भाविकांना तोंडपाठ आहे त्या गावातील घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता नसावा, हा विरोधाभास या इतिहासातून निर्माण झाला आहे.

उलट दिशेचा मार्ग

पत्त्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न अपलोडचा आहे. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या किमान २५६ केबीपीएस डाउनलोड अशी होती. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ केबीपीएस व जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. तिन्ही व्याख्यांत मोजमाप डाउनलोडचेच आहे. घराने घ्यावे, द्यावे अशी अपेक्षा नाही, हे गृहीत त्यात दडलेले आहे. एडीएसएल या तंत्राच्या नावातच असमानता आहे. त्यात अपलोडचा मार्ग डाउनलोडच्या तुलनेत फारच अरुंद ठेवलेला असे.

प्लेस्टेशनच्या दूरस्थ खेळासाठी सोनी किमान ५ एमबीपीएस वेग सुचवते. घराच्या बाजूने हा वेग अपलोडचा असावा लागतो. या वेगाने एक तास खेळल्यास सुमारे सव्वादोन जीबी माहिती घरातून बाहेर जाते. महिन्याला एक जीबी मर्यादा असलेली जुनी योजना या हिशेबाने अर्ध्या तासाच्या आत संपली असती. फायबरने हा अडथळा बऱ्याच अंशी दूर केला.

अंतराचा विचार करता वाशीम ते पुणे हा रस्ता चारशे किलोमीटरहून अधिक आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो, म्हणजे पाचशे किलोमीटरला अडीच मिलिसेकंद पुरतात. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ मिळतो. तेव्हा गावाचे अंतर हे विलंबाचे कारण ठरत नाही. वळणाचा मार्ग, मध्यस्थ यंत्र, घरातील क्षीण वाय-फाय आणि चित्राचे संकोचन ही खरी कारणे होत. विजेचा प्रश्न मात्र राहतो. केंद्रातील बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या दूरध्वनीप्रमाणे फायबरचे उपकरण चालत नाही. घरात वीज नसेल तर राऊटर आणि कन्सोल दोन्ही मूक होतात.

राऊटरच्या नोंदी : एक वाचन

वरील इतिहास लक्षात घेता दूरस्थ खेळासाठी राऊटर सिद्ध करण्याचा क्रम सुसंगतपणे मांडता येतो.

प्रथम कन्सोल शक्यतो केबलने राऊटरला जोडावे, त्यातील दूरस्थ खेळाची परवानगी द्यावी आणि विश्रांती अवस्थेत जाळ्याशी जोडलेले राहण्याची सोय चालू ठेवावी. नंतर राऊटरमध्ये कन्सोलसाठी एक अंतर्गत पत्ता राखून ठेवावा, अन्यथा तो बदलल्यास सूचना चुकीच्या यंत्राकडे जाते. यानंतरची पायरी निर्णायक आहे : राऊटरच्या स्थितिदर्शक पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा आणि पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी तो ताडून पाहावा.

दोन्ही पत्ते सारखे असतील तर घर सार्वजनिक आहे. यूपीएनपी चालू करणे किंवा निर्मात्याने सांगितलेली पोर्टे कन्सोलकडे वळवणे पुरेसे होते. बाहेरचा पत्ताही १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरात एकामागे एक असे दोन राऊटर काम करीत असण्याची शक्यता असते. त्यांपैकी एक ब्रिज पद्धतीत घालावा. पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातील असेल तर घरच्या राऊटरमधील पोर्ट फॉरवर्डिंग निष्फळ ठरते. थेट जोडणीसाठी सेवा पुरवठादाराकडे सार्वजनिक पत्ता मागणे किंवा आयपीव्ही६ वापरणे हे मार्ग राहतात. ही एक तपासणी आधी केल्यास अनेक संध्याकाळी वाया जाण्याचे टळते.

सर्व दारे एकदम उघडी टाकण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. २०१६ मधील मिराई या विषाणूने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेल्या घरगुती उपकरणांचा ताबा घेतला होता. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम अशाच हल्ल्याने बंद पडले आणि कंपनीने मूळ पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले. बोलावले जाण्याच्या हक्काबरोबर दार राखण्याची जबाबदारीही येते.

खेळापलीकडे

विदर्भातील शेतकऱ्याला दूरस्थ नियंत्रण नवे नाही. पुण्यात विकसित झालेल्या ‘नॅनो गणेश’सारख्या मोबाइल स्टार्टरमुळे विहिरीवरील पंप घरबसल्या चालू वा बंद करता येतो. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी शेतात जाण्याचे कष्ट त्याने वाचवले. ही युक्ती यशस्वी झाली याचे कारण साधे आहे : पंपाजवळच्या सिमकार्डाला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावर थेट फोन लावता येतो. विहिरीवरच्या पंपाला जी प्रतिष्ठा मिळाली ती घरातील कन्सोलला मिळत नाही. घरावरील कॅमेरा, शेतातील पर्जन्यमापक, महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील सर्व्हर यांचीही तीच गत होते. त्यांना थेट हाक मारता आली नाही की कोणत्या तरी कंपनीच्या मध्यस्थ यंत्राचा आधार घ्यावा लागतो, त्याचे भाडे द्यावे लागते आणि ती कंपनी बंद पडली तर चांगले उपकरणही निरुपयोगी होते. पत्ता नसण्याची किंमत अशी दरमहा मोजली जाते.

दूरसंचार विभागाने जुलै २०१० व मार्च २०१३ मध्ये आयपीव्ही६ चे राष्ट्रीय आराखडे प्रसिद्ध केले. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या रिलायन्स जिओने आपले जाळे आरंभापासून आयपीव्ही६ धरून उभारले आणि भारत या पद्धतीच्या वापरात जगातील अग्रगण्य देशांत गणला जाऊ लागला. उशिरा येणाऱ्याला नव्याने सुरुवात करता येते, हा या घटनेचा अर्थ. तथापि पत्ता मिळाला म्हणून घर लगेच बोलते होत नाही. राऊटरमधील आयपीव्ही६ ची सोय बंद ठेवलेली असते, तिच्या सुरक्षाभिंतीच्या नोंदी ग्राहकाला बदलू दिल्या जात नाहीत, किंवा दुसऱ्या टोकाच्या वसतिगृहातील वाय-फाय जुन्याच पद्धतीवर चालते. सर्व कन्सोलही ही पद्धत सारख्या प्रमाणात वापरत नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या एक्सबॉक्स वनपासून ती सोय ठेवली आहे. टंचाई ओसरली तरी टंचाईच्या काळातील सवयी टिकून आहेत.

निष्कर्ष

१) घरगुती राऊटरमधील नॅट, पोर्ट फॉरवर्डिंग व यूपीएनपी या नोंदी पत्त्यांच्या टंचाईवर वेळोवेळी केलेल्या तात्पुरत्या उपायांचे अवशेष आहेत.
२) ग्रामीण भागात फायबर नेण्याची योजना पत्ते संपल्यानंतर सुरू झाली, त्यामुळे ग्रामीण घराला वेग मिळाला तरी पत्ता मिळेलच याची खात्री राहिली नाही.
३) ब्रॉडबँडच्या आजवरच्या तिन्ही व्याख्या डाउनलोडवर आधारित असल्याने घराचे ग्राहक हे रूप धोरणानेच पक्के केले.
४) आयपीव्ही६ मुळे तांत्रिक अडथळा दूर होऊ शकतो, राऊटरवरील नियंत्रणाचा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे सोडवावा लागेल.

सूचना

जोडणी देतानाच घराला मिळणारा पत्ता सार्वजनिक आहे की सामायिक, हे सेवा पुरवठादाराने ग्राहकाला लेखी कळवावे. ब्रॉडबँडच्या व्याख्येत अपलोडचा किमान वेग समाविष्ट करावा. राऊटरमधील आयपीव्ही६ व सुरक्षाभिंतीच्या नोंदी ग्राहकाला पाहता व बदलता याव्यात. महाविद्यालयांनी संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांच्या घरच्या राऊटरचा अभ्यास समाविष्ट केल्यास अल्प खर्चात इतिहास व तंत्र दोन्ही शिकवता येतील.

समारोप

विवाहपत्रिकेवरील ‘पी. पी.’ ही अक्षरे घरोघरी स्वतःचा क्रमांक आल्यावर नाहीशी झाली. त्या काळी शेजाऱ्याचे उपकार मानले जात असत, तरीही स्वतःच्या दूरध्वनीसाठी अर्ज करणे कोणी थांबवले नव्हते. सुटीनंतर पुण्याला परतलेल्या विद्यार्थ्याने शिरपूर जैन येथील घरातील कन्सोलवर अर्धवट राहिलेला खेळ पुढे चालू करू पाहणे ही क्षुल्लक बाब वाटू शकते. परंतु तो जे मागतो आहे ते दूरध्वनीच्या काळात त्या घराला मिळालेले होते : बाहेरून आलेली हाक ऐकण्याचा आणि तिला उत्तर देण्याचा अधिकार. तो पुन्हा मिळाला की त्याचा पहिला उपयोग खेळासाठी होतो की ग्रंथालयासाठी, हे त्या घरावर सोपवणेच योग्य होय.